जंकच्या माळ्यावरचा कपडेपट

“एकही मेल येत नाहीये. एकही! तुमचा सर्व्हर झोपलाय आणि तुम्ही मला सांगताय सगळं ओके आहे?”

मी फोनवर ओरडत होतो. पलीकडे होस्टिंग कंपनीचा सपोर्टवाला होता. होस्टिंग कंपनी म्हणजे आपलं ईमेलचं टपाल आधी जिथे येऊन पडतं ते पोस्ट ऑफिस, असं समजा. पोस्ट ऑफिसवर ओरडायला मला आवडतं. आपण बरोबर असल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात माझ्या कोपराशी ‘टिंग’ वाजलं.

“मग हे काय आलं?” शिलाई मशीनवरून काकींनी विचारलं.

स्क्रीनवर ताजा मेल होता. टकलावर केस उगवण्याचं औषध, दुसऱ्या बाटलीवर सूट.

“सर,” सपोर्टवाला अतिशय मऊ आवाजात म्हणाला, “तुम्ही जंक फोल्डर चेक केलं का?”

आता, हा प्रश्न माझा आहे. गिरगाव ते दादर कॉम्प्युटर मेंटेनन्सची कामं करत मी याच प्रश्नावर संसार चालवला, मुलीचं शिक्षण केलं. हा प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा उतरतो, मग मी मोठ्या मनाने म्हणतो, “होतं असं.” आज माझा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, “होतं असं, सर.”

मी फोन ठेवला. काकी माझ्याकडे बघत होत्या. मी विनाकारण माऊसची वायर सरळ केली.

ही जागा म्हणजे अण्णा केरकरांचं गिरगावातलं दुकान. नाटकांचे कपडे भाड्याने देण्याचं. धंद्याच्या भाषेत याला कपडेपट म्हणतात. अंगरखे, पगड्या, राक्षसांचे मुखवटे, लाकडी तलवारी, थर्माकोलची सिंहासनं. अण्णांचे वडील मालवणहून आले ते दशावतारी कपड्यांची ट्रंक घेऊन. त्या ट्रंकेचं दुकान झालं. काकी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आतल्या बाजूला बसून ह्या राजाची उसवलेली बाही, त्या राजाचं तुटलेलं बटण बघतात. मी त्यांच्या कॉम्प्युटरचा डॉक्टर. वर्षातून एकदा जायचं, धूळ झटकायची, चहा प्यायचा.

या वेळी मात्र बोलावणं अवेळी आलं होतं. आणि एका दुकानातून नवरा-बायकोची दोन वेगवेगळी बोलावणी आली होती.

अण्णा म्हणाले होते, “सुहास, कॉम्प्युटर पुसून दे. भाच्याला देतोय. दुकान बंद करतोय.”

काकी पाठीमागून म्हणाल्या होत्या, “काही पुसू नको. आधी बघ त्यात काय बिघडलंय.”

भानगड अशी होती. गेला अख्खा सीझन अण्णांना बाहेरगावची एकही ऑर्डर आली नव्हती. त्यांचा खरा धंदा बाहेरगावचा. बेळगाव, इंदूर, गोवा, कुठल्या कारखान्याचं कामगार मंडळ, कुठलं कॉलेज. ही मंडळी पात्रांची मापं मेलने पाठवतात. दुकानाचा लँडलाइन बंद झाल्यावर अण्णांनी कार्डावर फक्त ईमेल छापला होता. मोबाइल आहे, पण तो खणात बंद करून ठेवलेला. का, तर बॅटरी वाचते. आणि दुपारी वाजला की झोप मोडते.

तर अण्णा रोज सकाळी कॉम्प्युटर लावायचे. रोज मेल यायचे. टकलाचे, कर्जाचे, लॉटरीचे. नाटकवाल्यांचा एकही नाही. यावरून अण्णांनी निष्कर्ष काढला की मराठी रंगभूमी मेली.

नुसता काढला नाही, सगळीकडे सांगितला. दर रविवारी शिवाजी पार्कला कट्ट्यावर जाऊन सांगितला. तिथे असं काही मेल्याची बातमी घेऊन गेलं की फार चांगलं स्वागत होतं. एकाने लगेच सांगितलं, वाचन पण मेलं. दुसरा म्हणाला, पुरणपोळी पण. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या एका ग्रुपने अण्णांचं भाषणही ठेवलं. विषय, ‘आपली रंगभूमी: एक अस्त’. शाल मिळाली. त्या शालीचं आता कपडेपटात काय करायचं, हा काकींचा प्रश्न होता.

“हल्लीची पोरं जीन पँट घालून नाटक करतात,” अण्णा मला म्हणाले. “अंगरखा कशाला लागतोय त्यांना? जीन पँटीत शोकांतिका! शोक कसा होईल?”

“गप रवा,” काकी म्हणाल्या. “मागच्या गल्लीत रोज रात्री तालीम चालते. ‘महाराज, महाराज’ म्हणून बोंबलतात ते काय जीन पँटीतल्या महाराजांना?”

“ती हौशी पोरं गं.”

“मग तुम्ही कोणाला कपडे देता? राजांना?”

प्रश्न निव्वळ तात्त्विक असता तर मी चहा पिऊन निघालो असतो. पण संध्याकाळी पाच वाजता राऊतचा टेम्पो येणार होता. राऊत म्हणजे लालबागचा एक डेकोरेटर. तो अख्खा कपडेपट एकगठ्ठा उचलणार होता. त्याला थीम वेडिंगमध्ये वेटरना सरदार करायचं होतं. ज्या अंगरख्यात अण्णांच्या वडिलांनी पिढ्या लढवल्या, त्या अंगरख्यात पनीर टिक्का फिरणार होता. काकींनी हे ऐकल्यापासून मशीनचं पायडल जरा जोरात मारायला सुरुवात केली होती.

तर पाचच्या आत बिघाड सापडला पाहिजे. काकींच्या सांगण्यावरून मी माझ्या मोबाइलवरून अण्णांना मेल पाठवला. मजकूरही त्यांनीच सांगितला: “बारा अंगरखे, चार पगड्या आणि एक सिंहासन पाहिजे. भाडं कळवावे.” तो आलाच नाही. म्हणून मी पोस्ट ऑफिसवर ओरडलो. पुढचं तुम्ही वाचलंत.

मी निमूटपणे जंक फोल्डर उघडलं.

माझा मेल तिथे होता. आणि तो एकटा नव्हता. खाली, त्याच्या खाली, आणि मी माऊसचं चाक फिरवत राहिलो तरी खालीच, मेल होते. बेळगाव. इंदूर. पणजी. कॉलेजं, कामगार मंडळं, एक महिला मंडळ. सगळे अंगरखे मागत होते.

“अण्णा,” मी म्हटलं, “रंगभूमी इथे आहे.”

अण्णांनी चष्मा लावला. स्क्रीनला नाक लावून यादी वाचली. मग म्हणाले, “हे तर माळ्यावर आहे.”

“कुठे?”

“माळ्यावर. मीच टाकतो ना तिथे.”

इथे जरा थांबून चाळणीबद्दल सांगतो. कॉम्प्युटरवरच्या ईमेल प्रोग्राममध्ये एक फिल्टर असतो. कचऱ्याचा मेल ओळखून तो जंक नावाच्या कप्प्यात टाकणं हे त्याचं काम. पण कचरा कसा असतो हे त्याला जन्मतः ठाऊक नसतं. ते आपण शिकवायचं. मेलवर ‘जंक’ बटण दाबलं की तो त्यातले शब्द लक्षात ठेवतो. पुन्हा तसे शब्द दिसले की म्हणतो, हां, साहेबांना हे आवडत नाही, आणि परस्पर उचलून टाकतो. विद्यार्थी फार गुणी. फक्त शिक्षक बरा पाहिजे.

“अण्णा, तुम्ही नक्की काय करता ते दाखवा,” मी म्हटलं.

अण्णांनी अभिमानाने दाखवलं. ऑर्डरचा मेल आला, वाचला, मापं कागदावर उतरली, पेटारा रवाना झाला. काम संपलं. मग तो मेल डोळ्यासमोर कशाला? बटण दाबायचं, जंक.

“पण डिलीट का नाही केलात?”

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांच्या वडिलांची ट्रंक जाळायला निघालोय.

“डिलीट? कपडेपटवाल्याने काही टाकायचं नसतं, बाबा. सदरा फाटला तर भिकाऱ्याला होतो. भिकाऱ्याचा फाटला तर प्रेताला होतो. प्रेताचा फाटला तर त्याची चिंधी राक्षसाच्या पोटात भरतात. जंक म्हणजे भंगार, एवढं इंग्रजी मला येतं. भंगार आपण फेकतो का? माळ्यावर ठेवतो.”

“आणि माळ्यावर बघता कधी?”

“माळ्यावर कोण बघतं?”

आलं लक्षात? अण्णांनी वर्षानुवर्षं आपल्या एकेका चांगल्या गिऱ्हाइकावर जंकचा शिक्का मारून फिल्टरला शिकवलं, की अंगरखा हा कचरा. पगडी हा कचरा. ‘प्रयोग’, ‘तालीम’, ‘भाडं कळवावे’, सगळा कचरा. सुरुवातीला अण्णा स्वतः टाकायचे. मग विद्यार्थी पास झाला आणि गिऱ्हाइक यायच्या आधीच त्याला माळ्यावर चढवायला लागला.

नशीब एवढंच, की जंकमधले जुने मेल आपोआप पुसून टाकायची एक सेटिंग असते, ती हा कॉम्प्युटर लावून देताना मी चालू करायला विसरलो होतो. माझ्या विसरभोळेपणाने कुणाचं भलं झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. इथे माझा मोबाइल वाजला. बायकोचा होता, दादरला दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरच्या भांड्याची रोजची आठवण करायला. ‘कामात आहे’ असा तयार मेसेज पाठवून मी तो कट केला. लगेच दुसरा वाजला. पर्सनल लोन पाहिजे का, म्हणून कोणी मुलगी विचारत होती. बिचारी फार गोड बोलत होती. तिला सविस्तर नाही म्हटलं, धन्यवाद दिले आणि पुन्हा कामाला लागलो.

कारण अर्धं कोडं शिल्लक होतं. चांगले मेल माळ्यावर का गेले ते कळलं. पण टकलाचं औषध इनबॉक्समध्ये का? फिल्टर एवढा हुशार, तर त्याला ते का कळू नये?

मी ‘पाठवलेले मेल’ उघडले आणि काकींना हाक मारली. असं एकट्याने वाचणं बरोबर नाही.

अण्णा प्रत्येक कचऱ्याला उत्तर देत होते.

“आलेल्या पत्राला उत्तर द्यावं,” अण्णा म्हणाले. “आमच्या वडिलांची शिस्त.”

लॉटरीवाल्याला लिहिलं होतं, “आपण आमची निवड केलीत, आभारी आहोत. परंतु आम्ही तिकीट काढले नसल्याने बक्षीस घेणे योग्य नव्हे.” परदेशातल्या कुण्या कोट्यधीश विधवेला लिहिलं होतं, “आपल्या यजमानांच्या निधनाचे वाचून वाईट वाटले. पैशांचे नंतर पाहू. आपण जेवणाची आबाळ करू नये.” आणि टकलाच्या औषधवाल्याला आमच्याकडे सर्व प्रकारचे विग भाड्याने मिळतील म्हणून दरपत्रक पाठवलं होतं. ते दर महिन्याला.

“या बाईला जेवणाचं विचारलं,” काकी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. “मला कधी विचारलंत?”

अण्णा पंखा बघायला लागले.

आपण ज्याला मेल पाठवतो, त्याचा पत्ता हा प्रोग्राम गुपचूप एका वहीत टिपून ठेवतो. आणि सेटिंगमध्ये एक टिकमार्क असतो: या वहीतल्या माणसांना कधीही जंकमध्ये टाकू नये. म्हणजे आपण ज्याच्याशी पत्रव्यवहार करतो तो सज्जन. कल्पना वाईट नाही. फक्त अण्णांच्या शिस्तीमुळे जगातले यच्चयावत लफंगे त्या सज्जनांच्या यादीत जाऊन बसले होते. नाटकवाल्यांना मात्र अण्णा उत्तर लिहीत नसत. त्यांना थेट पेटारा जायचा. आपल्या माणसाला कशाला लिहायचं?

काम तसं सोपं होतं. एक, फिल्टरची शिकवणी पुसून टाकली. त्यालाही एक बटण असतं, तो पुन्हा बालवाडीत जातो. दोन, तो टिकमार्क काढला आणि लफंग्यांची यादी रिकामी केली. तीन, जंकमधले नाटकवाल्यांचे मेल निवडून ‘हे जंक नाही’ असं शिकवत इनबॉक्समध्ये आणले. चार, ‘माळा’ नावाचा एक साधा फोल्डर करून दिला. काम झालं की मेल तिथे टाकायचा. तिथे फिल्टर बघत नाही, काही शिकत नाही.

तिसऱ्या पायरीला उशीर झाला, कारण अण्णा एकेक मेल वाचायला लागले. आधीचे मेल साधे होते. मग ‘अण्णा, उत्तर नाही, रागावलात का?’ मग ‘तब्येत बरी आहे ना?’ आणि मग बेळगावच्या एका नाट्यमंडळाचा. त्यांचे सेक्रेटरी कुलकर्णी लिहीत होते:

“कळविण्यास दुःख होते की आपले वेशभूषेचे जुने पुरवठादार अण्णा केरकर यांचे निधन झाल्याचे खात्रीलायकरीत्या समजले. काल तालमीपूर्वी सर्व कलाकारांनी दोन मिनिटे शांतता पाळली. काकींनी धीराने घ्यावे. कपड्यांची अन्यत्र व्यवस्था होईपर्यंत ऐतिहासिक नाटक स्थगित ठेवले आहे.”

अण्णांनी चष्मा काढला.

तिकडे अण्णा शाल पांघरून रंगभूमीला श्रद्धांजली वाहत होते, आणि इकडे रंगभूमी उभं राहून अण्णांना. दोघंही ठणठणीत.

“दोन मिनिटं,” अण्णा हळूच म्हणाले. “आमच्या वडिलांना एकच मिळालं होतं.”

“उत्तर टाका आधी,” मी म्हटलं. पाच वाजत आले होते. अण्णांनी बोटाबोटाने टाइप केलं: “मी जिवंत आहे. अंगरखे तयार आहेत. मापे पाठवावीत. अण्णा.”

उत्तर तत्काळ आलं. आलं ते काकींच्या नावाने. “काकी, सावध राहा. कैलासवासी अण्णांच्या अकाउंटवरून कोणीतरी मेल पाठवत आहे. अकाउंट हॅक झालेले दिसते. आम्ही तो मेल स्पॅम म्हणून मार्क केला आहे.”

मी खरोखर कपाळाला हात लावला. जगातला पहिला माणूस, जो स्वतःचा मेल स्वतःच्या हयातीत कचऱ्यात टाकून घेतो.

काकी उठल्या. खणातून मोबाइल काढला, चालू केला, आणि मेलखालचा कुलकर्णींचा नंबर फिरवला.

“कुलकर्णी का? मी गिरगावातून केरकरकाकी. हॅकबिक काही नाही. हे आहेत... हो, जिवंत... अहो, मला नाही कळणार तर कोणाला कळणार? इथे पंख्याखाली बसलेत... नाही, खोटं कशाला सांगू, सांगून मला काय मिळणार आहे? ... थांबा, देते.”

अण्णांनी फोन घेतला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. पण अण्णांची पाठ सरळ झाली. “किती पात्रं?” ते म्हणाले. “मावळे किती? ... त्यात काय कठीण आहे? होईल.”

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. राऊत दोन माणसं घेऊन आत आला.

“चला, कुठून सुरुवात करायची?”

“दारापासून,” काकी म्हणाल्या. “उलट्या पावली.”

“काकी, जबान दिलीय अण्णांनी.”

“अण्णा वारले. बेळगावच्या लोकांना विचार.”

राऊत माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. मेल समोरच उघडा होता, त्याने वाचला. बिचारा घाबरून फोनवर बोलणाऱ्या अण्णांकडे बघत राहिला. त्याचा फेरा फुकट नको म्हणून काकींनी त्याला एक सिंहासन दिलं. थर्माकोलचं, एक हात तुटलेलं. आणि वर शिवाजी पार्कची शाल.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. नव्याने शिकलेला फिल्टर कसा वागतो ते बघायचं होतं. टकलाचं औषध आलं होतं, ते सरळ जंकमध्ये. बेळगावची मापं इनबॉक्समध्ये. गुणी विद्यार्थी. कट्ट्यावर मात्र अण्णा अजून म्हणतात की रंगभूमी मेली होती. आता ती त्यांनी जगवली, एवढाच बदल. आणि त्या विधवेला परवा त्यांनी पुन्हा एकदा लिहिलं, की यापुढे आपल्या पत्रास उत्तर देता येणार नाही, कॉम्प्युटरवाल्याने मना केले आहे.

यातून घ्यायचा तर धडा एवढाच: मशीन आपण काय बोलतो ते ऐकत नाही, काय करतो ते पाठ करतं. आणि काहीतरी मेलं असं जाहीर करण्याआधी एकदा जंक फोल्डर बघावं.

हे सगळं मी घरी, परळला, बायकोला रंगवून सांगितलं. मीनल आणि मी घोडपदेवला एकाच चाळीत वाढलो, त्यामुळे मला ‘अहो’ म्हणणं तिला काही जमलं नाही, आणि माझ्या गोष्टींना दाद देणंही. ती खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट कुटत ऐकत होती. शेवट ऐकून तिने बत्ता खाली ठेवला.

“म्हणजे दोनच दिवस नीट सांगितलं, तर ते मशीन सुधारलं?”

“एका दिवसात,” मी म्हटलं. “फार हुशार असतं.”

“मग उद्या दादरला त्यालाच पाठव. मिक्सरचं भांडं घेऊन येईल तरी.”